दुखण्याआधीचं दंतशास्त्र

२०२४ च्या उत्तरार्धात जपानमधल्या क्योतो विद्यापीठाच्या रुग्णालयात एका नव्या औषधाची माणसांवरची पहिली चाचणी सुरू झाली आणि 'आता दात पुन्हा उगवणार' ही बातमी बघता बघता मराठी घरांतल्या मोबाइलवर येऊन थडकली. बातमी खोटी नव्हती, पण अर्धवट होती. चाचणी आखली होती ती ३० ते ६४ वयाच्या तीस निरोगी पुरुषांवर; निदान एक दात आधीच गेलेला असावा, ही निवडीची अट. औषध शिरेतून द्यायचं आणि ते शरीराला मानवतं का, हे आधी पाहायचं. दात उगवतो की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

तरीही त्यामागचं काम विलक्षण आहे. कात्सु ताकाहाशी आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षं 'युसॅग-१' या प्रथिनाचा माग काढत आहेत. दाताच्या अंकुराला वाढण्याचा जो संदेश मिळतो, त्याला हे प्रथिन लगाम घालतं. ज्या उंदरांच्या शरीरात ते तयारच होत नाही त्यांना जास्तीचे दात येतात, असं दिसल्यावर संशोधकांनी ठरवलं की औषधाने हा लगाम सैल करून पाहायचा. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, या प्रथिनाला निष्प्रभ करणारं प्रतिपिंड दिल्यावर जन्मतः दात नसलेल्या उंदरांमध्ये दातांची वाढ झाली आणि फेरेट या प्राण्यालाही एक जादा दात आला. फेरेटची निवड विचारपूर्वक होती. माणसासारखेच त्याला आधी दुधाचे आणि मग कायमचे दात येतात. मात्र या औषधाचा पहिला लाभ कवळी वापरणाऱ्या आजोबांना मिळायचा नाही. जन्मजात दात कमी असलेली लहान मुलं डोळ्यांसमोर ठेवून ते आधी पुढे नेलं जात आहे.

दंतसंशोधनाच्या नव्या पर्वाची ओळख करून देताना या बातमीला वगळता येत नाही आणि तिच्यावर थांबताही येत नाही. गेलेला दात परत आणू पाहणारी प्रयोगशाळा सगळ्यांचं लक्ष वेधून घेते. दात जाऊच नये, हिरडी सुटू नये, तोंडातला चट्टा गाठ होण्याआधी ओळखता यावा, यासाठी जे काम झालं त्याचे मथळे फारसे होत नाहीत. खरी मजल मात्र तिथेच मारली गेली आहे, आणि त्यातलं बरंचसं आज, आत्ता, वापरण्याजोगं आहे.

आपल्याकडे दंतवैद्याची आठवण होते ती दाढ ठणकायला लागल्यावर. आधी दाढेखाली लवंग, मग लवंगतेलाचा बोळा, मग मेडिकलमधून आणलेली गोळी, आणि गाल सुजला की दवाखाना. तिथे पोचल्यावर पेशंटचं पहिलं वाक्य बहुधा 'काढूनच टाका' हे असतं. वरची दाढ काढली की नजर जाते ही भीती, दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात ही समजूत आणि 'दुधाचे दात काय, पडणारच आहेत' हा दिलासा अजून घरोघरी टिकून आहे. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. साफसफाईनंतर दात हलतो तो आधीच हाड झिजल्यामुळे. साठलेल्या किटणाने त्याला तेवढ्यापुरतं धरून ठेवलेलं असतं. आणि किडलेला दुधाचा दात अकाली काढावा लागला, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताची वाट अडते.

अडचण अशी की तोंडातले आजार दुखतात ते फार उशिरा. दाताच्या वरच्या आवरणात, म्हणजे इनॅमलमध्ये, मज्जातंतू नसतात. कीड ते आवरण पोखरून आत शिरली, मधला थर पार करून गाभ्याजवळ पोचली की कळ येते. हिरड्यांच्या आजारात तर वर्षानुवर्षं काहीच दुखत नाही. ब्रशला थोडं रक्त लागतं आणि माणूस ब्रश बदलतो. कर्करोगाआधीचे पांढरे चट्टेही बहुधा दुखत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मौखिक आरोग्याचा जागतिक अहवाल काढला. त्यात तोंडाच्या आजारांनी ग्रासलेल्यांचा अंदाज सुमारे साडेतीनशे कोटी होता, म्हणजे जगाची जवळजवळ निम्मी लोकसंख्या. कळ येण्याची वाट पाहणारी वैद्यकी एवढ्या लोकांना पुरी पडणं शक्य नाही.

दात कोरण्याची विद्या मात्र फार जुनी आहे. बलुचिस्तानातल्या मेहरगढच्या नवाश्मयुगीन दफनभूमीत नऊ माणसांच्या अकरा दाढा सापडल्या, त्या दगडी टोकाने कोरलेल्या होत्या. काळ साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीचा. 'नेचर'मध्ये २००६ साली त्यांचं वर्णन आलं. भोकांच्या कडा चावून चावून गुळगुळीत झालेल्या होत्या. म्हणजे कोरणं जिवंत माणसांचं होतं आणि ती माणसं पुढे त्याच दाढांनी जेवली. तिथून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हत्यारं बदलली, तरी विचार फारसा बदलला नव्हता. अमेरिकेतले जी. व्ही. ब्लॅक हे आधुनिक दंतशास्त्राचे मोठे आचार्य. १९०८ च्या त्यांच्या ग्रंथाने पिढ्यान्‌पिढ्या दंतवैद्य घडवले. किडीबरोबर आसपासचा निरोगी भागही कोरून काढा, म्हणजे तिथे पुन्हा कीड लागणार नाही, ही त्यांची शिकवण होती. चांदी भरण्याच्या काळात ती सयुक्तिक होती, कारण चांदी दाताला चिकटत नाही. तिला धरून ठेवायला खळगा ऐसपैस लागतो.

१९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी इनॅमलवर आम्लप्रक्रिया केली की त्यावर रेझिन घट्ट बसतं, असं दाखवलं. १९७२ मध्ये लंडनमध्ये विल्सन आणि केंट यांनी ग्लास आयोनोमर सिमेंट मांडलं. ते दाताला रासायनिक बंधाने चिकटतं आणि वर थोडंथोडं फ्लोराइड सोडत राहतं. चिकटणारं साहित्य हाती आल्यावर निरोगी दात कोरण्याचं कारणच उरलं नाही. आता खोल किडीत गाभ्याजवळचा मऊ थर मुद्दाम जागेवर ठेवतात आणि वरून भरण घट्ट बंद करतात. कोंडल्या गेलेल्या जंतूंना साखर मिळत नाही, कीड थांबते. जुन्या पद्धतीत शिकलेल्या दंतवैद्याला हे पटवून घेणं सोपं गेलेलं नाही, आणि ते स्वाभाविक आहे. आख्ख्या शिक्षणात त्याला उलट सांगितलेलं असतं. दरम्यान चांदी भरण्याचे दिवसही सरत आले. तिच्यातला पारा हा पर्यावरणाचा प्रश्न आहे. मिनामाता कराराने तिचा वापर घटवायला लावला आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून तो जवळपास बंद केला.

याच्याही अलीकडची पायरी म्हणजे कोरायचंच नाही. इनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं आणि ते बनवणाऱ्या पेशी दात उगवतानाच नाहीशा होतात. त्यामुळे तुटलेलं इनॅमल हाडासारखं भरून येत नाही. पण कीड म्हणजे एका दिवसात पडलेलं भोक नव्हे. गोड खाल्लं की दातांवरच्या थरातले जंतू आम्ल तयार करतात आणि खनिज विरघळू लागतं. अर्ध्या-पाऊण तासात लाळ आम्ल धुऊन काढते, कॅल्शियम आणि फॉस्फेट परत आणून देते. दिवसभर हा जमाखर्च चालू असतो. खर्च वरचढ झाला की दातावर खडूसारखा पांढरा डाग दिसतो. त्या टप्प्यावर कीड परतवता येते. फ्लोराइडची टूथपेस्ट, दंतवैद्याने लावलेलं फ्लोराइड वार्निश, दोन जेवणांच्या मधलं गोड खाणं बंद करणं, एवढ्यावर काम भागतं. जर्मनीत विकसित झालेल्या पद्धतीत तर पातळ रेझिन त्या डागाच्या सूक्ष्म छिद्रांत मुरवतात. यंत्र दाताला लावावंच लागत नाही.

आणि भोक पडलंच असेल, तर दातावर लावायचं एक औषध आहे. त्याच्याबद्दल मराठी वाचकाने जरूर जाणून घ्यावं. त्याचं नाव सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. साठच्या दशकाच्या अखेरीस ओसाका विद्यापीठात मिझुहो निशिनो यांनी त्यावर काम केलं आणि जपानमध्ये ते तेव्हापासून वापरात आहे. ते लावताना पाहिलं की इतकं साधं वाटतं: कापसाने दात कोरडा करायचा, हिरडीला व्हॅसलीन लावायचं, प्लास्टिकच्या वाटीत एक थेंब घ्यायचा आणि इवल्याशा ब्रशने किडलेल्या खळग्यात मिनिटभर लावायचा. इंजेक्शन नाही, यंत्राचा आवाज नाही, रडारड नाही. चांदी जंतू मारते, फ्लोराइड खनिजाला बळ देतं. काही दिवसांत किडलेला भाग काळा पडतो आणि टणक होतो. काळेपणा मात्र जात नाही, हे आईवडिलांना आधीच सांगावं लागतं. अमेरिकेत २०१४ मध्ये त्याला परवानगी मिळाली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. ग्लास आयोनोमर आणि फ्लोराइड टूथपेस्टही त्याच वेळी त्या यादीत आली. न्यूयॉर्कमधल्या शाळांत झालेल्या मोठ्या अभ्यासाने २०२३ मध्ये दाखवलं की कीड रोखण्यात हे औषध दाढांवर बसवायच्या सीलंटच्या तोडीस तोड आहे.

आश्रमशाळा, अंगणवाड्या, ऊसतोड कामगारांच्या वस्त्या, जिथे दंतवैद्याची खुर्ची कधी पोचणार नाही, तिथे पोचू शकणारा हा उपचार आहे. दंतसंशोधनातल्या कुठल्याही चकचकीत यंत्रापेक्षा त्याचं मोल जास्त आहे.

फ्लोराइडचा विषय निघाल्यावर चंद्रपूर आणि यवतमाळमधल्या वाचकाला वेगळंच आठवेल. तिथल्या बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे आणि मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, काहींची हाडंही वाकतात. नागपूरच्या नीरी संस्थेने सत्तरच्या दशकात तुरटी आणि चुना वापरून पाण्यातलं फ्लोराइड कमी करण्याची 'नलगोंडा' पद्धत विकसित केली, ती या प्रश्नापोटीच. टूथपेस्टमधलं फ्लोराइड दाताच्या पृष्ठभागावर काम करतं. पिण्याच्या पाण्यातून वर्षानुवर्षं पोटात जाणारं जादा फ्लोराइड ही निराळी बाब आहे. गावात दंतशिबिर घेणाऱ्याने आधी पाण्याचा तपासणी अहवाल पाहावा.

आता दाताच्या गाभ्याकडे. रूट कॅनॉल म्हणजे आतला मऊ गाभा पूर्ण काढून पोकळी भरणं. उपचार खात्रीचा आहे, पण दात निर्जीव होतो. नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी 'एमटीए' हे सिमेंट आणलं. बांधकामाच्या पोर्टलँड सिमेंटच्या जातकुळीतलं हे मिश्रण ओलाव्यातच घट्ट होतं आणि जिवंत गाभ्याला सोसतं. त्यामुळे गाभ्याचा फक्त सुजलेला वरचा भाग काढायचा, उरलेला झाकायचा आणि दात जिवंत ठेवायचा, ही वाट मोकळी झाली. पूर्वी हे फक्त मुलांच्या दातांत करत; आता निवडक मोठ्या माणसांच्या दुखऱ्या दाढांतही करतात.

पुढची झेप स्टेम पेशींची. पक्क्या दाताच्या गाभ्यात या पेशी आहेत हे २००० मध्ये कळलं, आणि २००३ मध्ये सोंगताओ शी यांच्या गटाने पडलेल्या दुधाच्या दातातही त्या जिवंत असतात असं सिद्ध केलं. २०१८ मध्ये चिनी संशोधकांनी, पडून-आपटून समोरचा दात मेलेल्या मुलांमध्ये, त्यांच्याच दुधाच्या दातांतून वाढवलेल्या पेशी रोवल्या. वर्षभरात आत रक्तवाहिन्या असलेला गाभा तयार झाला आणि दाताला संवेदना परत आली. हे अत्यंत आशादायक आहे. पण याच आशेवर दुधाचे दात 'बँकेत' साठवण्याच्या जाहिराती पालकांपर्यंत पोचतात, मात्र ज्याच्या भरवशावर वर्षानुवर्षं पैसे भरावेत असा नित्याचा उपचार आज कुठल्याही दवाखान्यात नाही. त्या पैशांत मुलाची फ्लोराइड वार्निशची वर्षं निघतात.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतला एक प्रयोगही इथे नोंदवायला हवा. रूट कॅनॉल फसतो तो बऱ्याचदा दाताच्या भिंतींतल्या सूक्ष्म नळ्यांत लपलेल्या जंतूंमुळे. तिथे औषधी पाणी पोचत नाही. या संस्थेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये मळसूत्राच्या आकाराचे, लोहाचा लेप दिलेले नॅनोबॉट चुंबकीय क्षेत्राने त्या नळ्यांत खोलवर नेले आणि उष्णता निर्माण करून जंतू मारले. काम काढलेल्या दातांवर झालं आहे, दवाखान्यात यायला अवकाश आहे.

हिरड्यांची गोष्ट वेगळ्या अंगाने महत्त्वाची आहे, कारण ती तोंडापुरती राहत नाही. मधुमेहात हिरड्या लवकर सुटतात, हे जुन्या वैद्यांनाही ठाऊक होतं. उलट दिशाही तितकीच खरी आहे, हे अलीकडे नीट मोजलं गेलं. हिरड्यांतल्या सततच्या दाहामुळे साखर आटोक्यात राहत नाही. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्याने पस्तीस अभ्यास एकत्र तपासले. हिरड्यांचे उपचार घेतलेल्या मधुमेहींचं, रक्तातली सरासरी साखर दाखवणारं, 'एचबीए१सी' तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४३ टक्के अंकांनी उतरलं होतं. एखादं जास्तीचं औषध सुरू केल्यावर जेवढा फरक पडावा, त्याच्या आसपास जाणारा हा आकडा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. त्यांच्या फाइलमध्ये डोळ्यांची तपासणी असते, पायांची असते; हिरड्यांचा रकाना बहुतेक वेळा नसतोच. तो असायला हवा.

पण संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं, असं नसतं. पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा हिरड्यांच्या आजारातला मुख्य जंतू. २०१९ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत त्याच्या खुणा सापडल्याचा निबंध आला आणि 'दात घासा, विस्मरण टाळा' असे संदेश फिरू लागले. त्या जंतूच्या विषारी प्रथिनांना रोखणारं औषधही तयार झालं. २०२१ मध्ये त्याच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. रुग्णांची स्मृती ढासळणं त्याने थांबलं नाही. हिरड्या निरोगी ठेवायला मधुमेहाचं कारण पुरेसं आहे, मेंदूची भीती घालण्याची गरज नाही.

निदानाच्या बाजूला सगळ्यात मोठा बदल लाळेने घडवला. रक्त काढायला सुई लागते, माणूस लागतो, भीती असते. लाळेला यातलं काही लागत नाही आणि रक्तातल्या कितीतरी गोष्टी तिच्यात झिरपलेल्या असतात. हिरड्यांवरून फिरवलेल्या काडीने एचआयव्हीची चाचणी करायला अमेरिकेने २००४ मध्येच मान्यता दिली. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये डेव्हिड वाँग यांच्या गटाने तोंडाचा कर्करोग असलेल्यांच्या लाळेत आरएनएचे वेगळे ठसे दिसतात असं दाखवलं. मराठी वाचकाला मात्र याचा जवळचा दाखला नागपुरात मिळेल. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, नीरीतल्या कृष्णा खैरनार आणि सहकाऱ्यांच्या पद्धतीला आयसीएमआरने मान्यता दिली. मिठाच्या पाण्याची गुळणी पंधरा सेकंद घशात खुळखुळवायची आणि तेच पाणी नळीत थुंकायचं. नाकात काडी घालणारा प्रशिक्षित माणूस नको, महागडं द्रावण नको. ग्रामीण आणि आदिवासी भागासाठी ही केवढी सोय होती, ते त्या दिवसांत रांगेत उभं राहिलेल्या कोणालाही समजेल.

एक्स-रेच्या क्षेत्रातही वेग आला आहे. १८९६ च्या जानेवारीत जर्मनीत ओटो वाल्कहॉफ यांनी दातांचा पहिला एक्स-रे घेतला, तेव्हा पंचवीस मिनिटं हलायचं नव्हतं. आज क्षणाचा अंश पुरतो, कोन बीम सीटीने जबडा तिन्ही बाजूंनी दिसतो आणि एआय प्रणाली एक्स-रेवर संशयास्पद जागा रंगवून दाखवते. अशा प्रणालींना अमेरिकेत मान्यता मिळाली आहे. थकलेल्या नजरेला त्यांचा आधार होतो. धोकाही तिथेच आहे. पडद्यावर रंगलेला प्रत्येक डाग कोरायला घेतला, तर वर सांगितलेला सगळा धडा वाया जाईल. डाग दिसल्यावर 'यावर लक्ष ठेवू या' असं सांगणारा दंतवैद्य भेटला, तर त्याच्यावर विश्वास टाकावा.

या साऱ्या विषयात भारताचं, आणि त्यातही मुंबईचं, सर्वांत मोठं देणं आहे ते तोंडाच्या कर्करोगाच्या संशोधनात. साठच्या दशकात टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागाने, फली मेहता यांच्या पुढाकाराने आणि डेन्मार्कच्या जे. जे. पिंडबोर्ग यांच्या साथीने, एक अफाट काम हाती घेतलं. घरोघरी जायचं, प्रत्येकाचं तोंड पाहायचं, तंबाखूची सवय नोंदवायची आणि वर्षानुवर्षं परत जात राहायचं. १९७२ मध्ये त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तपासणीचा निबंध प्रसिद्ध केला. पांढरे चट्टे कोणाला होतात, मशेरी लावणाऱ्या बायकांच्या तोंडात काय दिसतं, कुठला चट्टा पुढे कर्करोग होतो, हे जगाला कळलं ते अशा पाहण्यांतून. तंबाखू सोडल्यावर चट्टे मावळू शकतात, हेही याच परंपरेतल्या पुढच्या अभ्यासांनी दाखवलं.

सुपारीचा गुन्हाही इथेच उघड झाला. सुपारीतल्या घटकांमुळे गालाच्या आत तंतूंचे पट्टे तयार होतात. सुरुवातीला एवढंच जाणवतं की तिखट सोसत नाही, तोंड पोळतं. मग गाल आतून आवळतो, पांढुरका पडतो आणि तोंड उघडणं कमी होत जातं. शेवटी घास नीट आत जात नाही. यालाच सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि त्यातल्या काहींना पुढे कर्करोग होतो. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूशिवायची सुपारीदेखील कर्करोगकारक ठरवली. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. विदर्भात पानठेल्यावर प्लास्टिकच्या पन्नीत घोटून मिळणारा खर्रा मात्र अजून कॉलेजच्या मुलांच्या खिशात सापडतो, आणि तोंड न उघडणारे पंचविशीतले पेशंट दंत महाविद्यालयांना नवे नाहीत.

मग अशांना वेळेत गाठायचं कसं? त्याचं उत्तर केरळने दिलं. तिरुवनंतपुरममध्ये १९९६ पासून सुमारे एक लाख ९० हजार लोकांवर अभ्यास झाला. निम्म्या भागात प्रशिक्षित आरोग्यसेवक घरोघर गेले आणि बॅटरीच्या उजेडात लोकांची तोंडं तपासली. डॉक्टर नव्हते, यंत्रं नव्हती. २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते.

उपचारांतही मुंबईने जगाची पद्धत बदलली. तोंडातली गाठ काढताना मानेतल्या लसीकाग्रंथी लगेच काढायच्या की तिथे गाठ दिसेपर्यंत थांबायचं, हा शल्यचिकित्सकांचा पन्नास वर्षांचा वाद होता. टाटा मेमोरियल रुग्णालयात अनिल डिक्रुझ आणि सहकाऱ्यांनी पाचशे रुग्णांच्या निकालांवर २०१५ मध्ये तो मिटवला. मानेची शस्त्रक्रिया सोबतच केलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. २०२२ मध्ये त्याच रुग्णालयाने आणखी एक प्रश्न सोडवला. निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध बहुतेक भारतीय कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचं. नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, अवघे २० मिलिग्रॅम, इतर औषधांसोबत दिले तेव्हा बळावलेल्या डोके-मानेच्या कर्करोगात वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. महागड्या औषधाचा कमी खर्चाचा वापर शोधणं, हेही अव्वल दर्जाचं संशोधन आहे. त्याचा अभिमान बाळगायला हवा.

एवढं असूनही भारतात तोंडाच्या कर्करोगाचे वर्षाला सव्वा लाखाहून अधिक नवे रुग्ण निघतात आणि त्यातले बरेच जण आजार पुढे गेल्यावर पोचतात. कॅमेऱ्याने टिपलेल्या फोटोवरून चट्टा ओळखणाऱ्या एआय प्रणालींवर देशात काम चालू आहे. त्या आल्या की आशाताईच्या मोबाइलचा फार उपयोग होईल. पण तोवर थांबायचं कारण नाही. आरशासमोर उजेडात उभं राहून जीभ, गाल आणि ओठ आतून पाहायला दोन मिनिटं लागतात.

म्हणून वाचकांना आग्रहाची विनंती. घरात कोणी तंबाखू, मशेरी, खर्रा किंवा नुसती सुपारी खात असेल, तर त्या व्यक्तीला हाताची मधली तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घालून पाहायला सांगा. ती जात नसतील, तिखट सोसत नसेल, पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल किंवा एखादी जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर दुखण्याची वाट न पाहता दाखवून घ्या. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत रुग्णालय आहे, आणि दूरच्या गावातल्यांनी आधी जवळचं ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय गाठलं तरी चालेल.